देवमण आणि वळ

नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावच्या खंडोबाच्या जत्रेत घोडा घ्यायचा, तर आधी जबडा फाकवून दात बघतात, मग अंगावरचे केसांचे भोवरे. गळ्यापाशी देवमण हा शुभ भोवरा निघाला की भाव चढलाच!

घोड्याची ठेवण न्यायालयातही निघाली, ती बैलांच्या निमित्ताने. 2014 साली सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यती बंद केल्या. एक कारण असं, की बैलाची ठेवण घोड्यासारखी धावण्याची नाही. म्हणजे आमचा लालकंधारी बैल सुटला. घोडा मात्र अंगकाठीपायी अडकला. रेसच्या घोड्यावर पैसे लावणं जुगार नव्हे, कौशल्य, असं तेच न्यायालय 1996 मध्ये म्हणालं होतं. कौशल्य लावणाऱ्याचं, चाबूक घोड्याला. पुढे 2023 मध्ये बैलांनाही अटींसह धावायची मुभा मिळाली. बिचाऱ्यांनी मागितली कधी होती?

खंडोबाचं वाहन घोडाच. तेव्हा माळेगावला गेलात, तर दात मोजून झाल्यावर पाठीवरचे वळही मोजा.