चार वाजताची आत्या

जंगलाच्या दारातल्या रिसॉर्टात दुपारी चार वाजता जी माणसं उरतात त्यांची एक जातच निराळी असते. अडीच-तीनला जिप्सी भरभरून निघून जातात. खाकी टोप्या, हातभर लांबीचे कॅमेरे आणि 'आज दिसायलाच पाहिजे' असा हक्काचा चेहरा. मागं उरतात ते कंबर धरलेले काका, ऑनलाइन बुकिंगला उशीर झालेली जोडपी, तान्हं लेकरू निजवत बसलेली एखादी सून आणि वाघात काडीचा रस नसलेल्या आया. माझी आई या शेवटच्या गटातली.

"आमी लहानपनी वाघ चुकवत चुकवत वावरात जाओ," ती म्हणाली. "आता पैसे देऊन त्याच्या मांगं फिराचं?"

याला काय उत्तर देणार? उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य जाहीर झालं २०१२ साली. त्याआधी इथले वाघ बिनअभयारण्याचे होते आणि माणसंही. गोठणगावच्या गेटातून आत शिरणाऱ्या पाहुण्यांना जे घनदाट जंगल वाटतं, ते कुही तालुक्यातल्या बायकांना सरपण, मोहफुलं आणि तेंदूपत्ता यांच्या हिशोबानं पाठ असतं. जय नावाचा वाघ इथं राहून देशभर गाजला आणि २०१६ मध्ये जो नाहीसा झाला तो झालाच. रिसॉर्टच्या जेवणघरात त्याचा भिंतभर फोटो आहे. आई फोटोसमोर क्षणभर थांबली, "तब्येतीनं चांगला होता" एवढंच म्हणाली आणि पुढं गेली.

आम्ही तिथं गेलो होतो माहेरपणाला. हे जरा समजावून सांगायला हवं.

आईचं माहेर याच तालुक्यातलं, वैनगंगेच्या अंगाचं. गोसेखुर्द धरणाची पायाभरणी राजीव गांधींच्या हस्ते झाली ती २२ एप्रिल १९८८ला. धरण होणार, पाणी येणार, गाव उठणार हे ऐकत ऐकत गावात आणखी कितीतरी लग्नं लागली, घरांना नवे माळे चढले, आजोबांनी एक विहीरसुद्धा उपसून घेतली. मग एकदाचं पाणी आलं. गाव नव्या जागी गेलं, तिथं ओळीनं प्लॉट पडले. मामा तोवर नागपूरकर झाले होते. जलाशयाचं सरकारी नाव इंदिरासागर. आई सोसायटीतल्या बायकांना सरळ सांगते, "आमचं माहेर इंदिरासागरात आहे," आणि बायकांना ते मनीषनगराकडच्या एखाद्या अपार्टमेंटचं नाव वाटतं. एकीनं तर विचारलं, कितव्या मजल्यावर?

पूर्वी या माहेरी जायला छोटी गाडी होती. इतवारीहून नागभीडकडे जाणारी नॅरोगेज, १९०८ सालची. कुहीला उतरायचं आणि पुढं मामांची बैलगाडी. गाडी इतक्या निवांत चालीची की माहेर यायच्या आधी डब्यातच माहेरपण सुरू होई. शेजारची बाई ओळखीची निघे, तिच्या ओटीतली बोरं आमच्या ओटीत येत. रूळ रुंद करायचे म्हणून २०१९ मध्ये ती गाडी थांबली. म्हणजे घर पाण्यात आणि गाडी इतिहासात. माहेराला जायची हौस मात्र जिथल्या तिथं. शेवटी मी फोनवर कुही तालुका, जंगल, राहण्याची सोय असं काहीबाही शोधलं आणि दोन दिवसांचं पॅकेज घेतलं. नाश्ता, दोन जेवणं आणि 'आफ्टरनून टी'.

हा दुपारचा चहा मूळचा इंग्लंडातला. १८४०च्या आसपास बेडफर्डची सातवी डचेस अ‍ॅना हिला दुपारच्या चार-पाचला पोटात कसंतरी व्हायला लागलं, कारण बड्या घरांतलं रात्रीचं जेवण आठापर्यंत लांबलं होतं. तिनं खोलीत चहा आणि ब्रेड-लोणी मागवलं, मग मैत्रिणी बोलावल्या आणि बघता बघता त्याचा रिवाज झाला. ही हकिगत मी आईला सांगितली. आईनं शांतपणे ऐकून घेतली. तिच्या मते त्यात शोध लावण्यासारखं काही नव्हतं. चार वाजता भूक लागते हे कुणालाही ठाऊक असतं. डचेसला खायला कुणी करून दिलं, हा खरा प्रश्न.

चहा आला तो थाटात. तीन मजली स्टँड, खाली काकडीचे तिकोनी सँडविच, मधे केकचे तुकडे, सगळ्यात वर बोटभर संत्रा बर्फी. आई म्हणाली, "ही तं उतरंड झाली." आणि बारकाईनं बघून पुढं म्हणाली, "पन उलटी." खरंच होतं. आमच्या आजीच्या उतरंडीत मोलाचं सगळं तळच्या मडक्यात असे, म्हणजे हात घालणाऱ्याला आधी डाळ, तिखट, हळद पार करावी लागे. इथं ऐवज वर आणि काकडी तळाला. आईनं बर्फी उचलली, कागदी रुमालात बांधली आणि पर्समध्ये टाकली. नातवासाठी. नातू अठ्ठावीस वर्षांचा आहे आणि पुण्यात असतो.

खरी अडचण पुढं होती. आईला पाहुणी होता येत नाही. वेटर ट्रे घेऊन आला की ती उठून उभी राहायची आणि त्याच्या हातून ट्रे घ्यायला धावायची. तो बिचारा मागं सरकायचा, ही पुढं. "आई, बस ना वो," मी दहादा सांगितलं. ती बसली, पण कडेवर. खुर्चीच्या कडेवर बसण्याची ही कला आमच्या आयांच्या पिढीची. चूल बोलावील तेव्हा एका झटक्यात उठता यावं यासाठी ती कमावलेली आहे, आणि चूल जाऊन गॅस आला, गॅसजवळ सून आली तरी ती सुटत नाही.

कप हातात घ्यायची तिची रीतही मी त्या दिवशी नीट पाहिली. तिनं पदराचं टोक दोन बोटांवर गुंडाळलं आणि मग कान धरला. कप फारसा गरम नव्हता. विचारलं तेव्हा कळलं, ही सवय मिरचीची. मांढळच्या बाजूला मिरचीचे सातरे असतात. लाल मिरचीचे ढीग पडलेले, बायका ओळीनं बसून देठ खुडतात, वजनावर मजुरी. आई शाळेच्या सुट्टीत मामीच्या मागं लागून जायची. दिवसभर देठ खुडलेल्या बोटांना कोमट कपही विस्तवागत लागतो. डोळे चोळायचे नाहीत, नाक पुसायचं नाही आणि चहा आला की पदराच्या टोकात धरायचा, हे तिथलं पहिलं शिक्षण. दुपारी किटलीतून चहा यायचा तेवढा वेळ पाय लांब करता येत. इतक्या वर्षांत आईनं मला हे कधी सांगितलं नव्हतं, कारण मी कधी चार वाजता तिच्यासमोर रिकामी बसलेच नव्हते. आमच्या घरी चार वाजता ती ओट्याशी आणि मी पुस्तकात.

तोवर कपात कोमट पाणी, शेजारी दोऱ्याची पुडी आणि दुधाचं इवलंसं भांडं असा सरंजाम मांडून झाला होता. यावर आईचं मत एका शब्दाचं होतं, तो इथं लिहीत नाही. पण या मताला इतिहास आहे. १९०३ साली चहावर उपकर बसला आणि त्या पैशातून पुढं हिंदुस्थानी माणसाला चहाची गोडी लावण्याची मोहीम चालली. प्रचारक फुकट कप वाटत, चहा कसा करायचा त्याची प्रात्यक्षिकं देत. आपल्या लोकांनी चहा घेतला, शिकवणी सोडली. दूध वाढवलं, साखर वाढवली, अद्रक ठेचून घातलं आणि सगळं एकत्र खदखदवलं. ते पाहून शिकवणाऱ्यांच्या कपाळाला आठ्या पडत. १९३०च्या सुमारास आसामात सी.टी.सी.चं यंत्र निघालं, दाणेदार चहा पुढं स्वस्त झाला आणि उकळणाऱ्यांचा पक्ष कायमचा जिंकला. शंभर वर्षांनंतर रिसॉर्टवाल्यांनी तीच जुनी शिकवणी पुन्हा काढली, एवढंच.

"कोन्या गावचा रे बापू तू?" आईनं वेटरला विचारलं.

त्यानं आधी हिंदीत "यहीं का हूँ मॅडम" म्हणून पाहिलं. प्रशिक्षणात तसं सांगितलेलं असावं. पण आईसमोर हिंदी दोन मिनिटांवर टिकत नाही. "यहीं का म्हंजे कोन्या गावचा?" मग त्यानं गावाचं नाव सांगितलं आणि आई खुर्चीच्या कडेवरून पहिल्यांदा मागं सरकून बसली. तिचंच गाव.

पुढचा अर्धा तास चौकशी चालली. कोनाच्या घरचा? पिंपळाजवळचं घर का पारामागचं? विहिरीच्या अंगानं गेलं की डाव्या हातचं? मुलगा गोंधळला. त्याचा जन्म गाव उठण्याच्या सुमाराचा. पिंपळ, पार, विहीर त्यानं फक्त आजीच्या तोंडून ऐकलेले. त्याच्या गावात प्लॉट नंबर आहेत. तो सांगतोय नंबर, आई विचारतेय पिंपळ. एक नकाशा पाण्याखालचा आणि एक पाण्यावरचा, आणि दोन्ही जुळवायला मधे काकडीच्या सँडविचची बशी. शेवटी त्याच्या आजोबांच्या एका लंगड्या बैलावरून घर सापडलं. त्या बैलानं म्हणे आईच्या वरातीत बसकण मारली होती.

"म्हंजे तुमी माह्या आजी लागता जी," मुलगा म्हणाला.

"आजी कायची? तुहा बाप मले आत्या म्हने."

"मंग मी काय म्हनू?"

"तूही आत्याच म्हन. माहेरी कोनी आजी नसते."

वयाचा प्रश्न असा निकाली निघाला. गावची लेक सत्तरीला आली तरी गावाची लेकच, हा कायदा पुनर्वसनात बुडालेला नाही. मॅडमची आत्या झाल्यावर मुलगा सगळा थाट उचलून आत घेऊन गेला आणि कर्मचाऱ्यांच्या चुलीवरची चहा घेऊन आला. पुस्तकातला चहा तो चहा आणि आमच्याकडची चहा ती चहा. अद्रक मोजमाप न करता ठेचलेलं, दूध तांबूस होईपर्यंत आटलेलं, सोबत बशी. आईनं ट्रे घ्यायला हात पुढं केला नाही. बसल्या जागी घेतली. भाच्याच्या हातची घ्यायला कसला संकोच?

मग तोही खांबाला टेकून बोलत राहिला. गिऱ्हाईक नव्हतंच. वाघाचा विषय निघाला तेव्हा त्यानं ३१ डिसेंबर २०२४ची गोष्ट सांगितली. गोठणगावच्या रस्त्यावर एफ-टू वाघीण पाच पिल्लं घेऊन निघाली होती आणि पर्यटकांच्या गाड्यांनी पुढून-मागून तिची वाट अडवली. त्याचा व्हिडिओ देशभर फिरला, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं आपणहून दखल घेतली, गाइड आणि चालकांवर कारवाई झाली.

इतका वेळ वाघाबद्दल उदासीन असलेली आई यावर ताठ बसली. "पाच लेकरं?"

"पाच जी."

"आन बाईले जाऊ देल्लं नाही?" तिचा आवाज चढला. "लेकरावाल्या बाईले कोनी आडवते का? हे कोर्टानं सांगा लागते?" मग वाघिणीचं आता कसं चाललंय, पिल्लं मोठी झाली का, त्यात लेकी किती, याची तिनं अशी चौकशी केली की जणू तीही पारामागच्याच घरची. जयला तब्येतीवर वाटेला लावणारी माझी आई एफ-टूवर अर्धी चहा गार करून बसली. नागपूरच्या बसमध्ये दोन पोरी आणि एक ट्रंक घेऊन चढलेल्या बाईला रस्ता कसा मिळतो, हे तिला ठाऊक आहे. त्या दोन पोरींतली एक मी.

संध्याकाळी आंभोऱ्याला जायचं ठरत होतं. पाच नद्यांचा संगम, चैतन्येश्वराचं देऊळ आणि आता नदीवर तारांचा उंच पूल. मुकुंदराजांनी शके १११० मध्ये म्हणजे ११८८ साली 'विवेकसिंधु' लिहिला तो इथंच, असं परंपरा सांगते. मराठीतला आद्य ग्रंथ म्हणून त्याचं नाव घेतात. मला त्यात सगळ्यात थोर वाटतं ते हे, की तो माणूस ब्रह्म, माया, जीव एवढं सगळं चहाशिवाय लिहून गेला. त्यानंतरच्या मराठी साहित्याचा, निदान माझ्या ओळखीतल्या लेखकांचा तरी, असा एकही पुरावा नाही. पण आंभोरा राहिलंच. आत्या आणि भाचा लंगड्या बैलापासून निघून गावातल्या प्रत्येक गोठ्यापर्यंत जात होते. साडेसहाला धुळीनं माखलेल्या जिप्सी परत आल्या. कुणालाच काही दिसलं नव्हतं. दोन सांबर आणि एक मोर एवढीच कमाई. त्यांच्या मानानं आमची दुपार भारी गेली होती, पण ते त्यांना कसं सांगणार?

निघताना आईनं त्या मुलाच्या हातावर पन्नासची नोट ठेवली. तो घेईना. ड्यूटीवर टीप चालते, पण आत्याकडून पैसे घ्यायचे की नाही याचा नियम त्याला ठाऊक नव्हता. "टीप नाही, खाऊले आहे," आईनं निकाल दिला. त्यानं घेतली आणि वाकून पाया पडला. मॅनेजर काउंटरवरून बघतच राहिला.

दुसऱ्या दिवशीचा चारचा चहा त्याच्या घरी ठरला, नव्या गावठाणात. त्याची आई सांभारवडी करणार होती, आजी आईला ओळखते की नाही हे बघायचं होतं. मी काउंटरवर जाऊन विचारलं, उद्याचा आफ्टरनून टी आम्हाला नको, तर पॅकेजमधून तेवढे पैसे वजा होतील का? मॅनेजर फार नम्रपणे नाही म्हणाला.

मागून आई आली. "वजा कायले कराचे?" ती त्याला म्हणाली. "आमच्या वाटची ती उतरंड त्या जिप्सीवाल्या पोराईले द्या. दिवसभर धूर खातेत बिचारे. आन बर्फी राहू द्या, ती मी सकाळी येऊन घेऊन जाईन."