बाटलीसोबत कोण आहे?

माझा पुतण्या ल्यूव्हेनला असतो. बेल्जियममधलं हे गाव जुन्या विद्यापीठासाठी प्रसिद्ध आहे आणि बिअरसाठी त्याहून जास्त. तो तिथे नक्की काय करतो हे त्याने आम्हाला तीनदा समजावलंय, पण 'पॉलिमर' या शब्दाच्या पुढे घरातलं कुणीच पोचलेलं नाही. गेल्या वर्षी माझ्या साठीला त्याचा फोन आला. "काका, तुला सहा बाटल्या पाठवतोय. ट्रॅपिस्ट बिअर. मठातले साधू करतात." साधूंनी केलेली म्हटल्यावर कुणाला हरकत घेता येईना. वहिनींनी तर विचारलं, तीर्थासारखी उजव्या हाताच्या तळव्यावर घ्यायची असते का.

बिअर पाठवणं म्हणजे पुस्तक पाठवण्यासारखंच, असा त्याचा समज होता. माझाही होता. पहिल्या काउंटरवरच्या बाईंनी 'बिअर' आणि 'भारत' हे दोन शब्द एका वाक्यात ऐकले आणि मागच्या गिऱ्हाइकाला पुढे बोलावलं. मित्रांनी सल्ला दिला की खोक्यावर 'यीस्टचे नमुने' असं लिही. घरी बिअर करणाऱ्या मंडळींची ही जुनी युक्ती आहे, आणि ती धडधडीत खोटीही नाही. अशा बिअरमध्ये झाकण लावल्यावरही जिवंत यीस्ट असतं, ती बाटलीतच पिकत राहते. पण जिवंत सूक्ष्मजीव भारतात येताहेत म्हटल्यावर दारूचं खातं झोपलेलं राहील आणि भलतंच एखादं खातं उठून बसेल, या भीतीने पोराने तो नाद सोडला. शेवटी त्याला एक ऑनलाइन दुकान सापडलं. 'जगभर घरपोच.' देशांच्या यादीत भारत होता, हंगेरीच्या बराच खाली. त्याने पैसे भरले.

खोकं निघालं. ब्रुसेल्स सोडलं, मधे कुठेतरी मुक्काम केला आणि भारतात एका गोदामात येऊन पोचलं. तिथे त्याची गती संपली. ट्रॅकिंगवर रोज सकाळी एकच ओळ दिसायची : 'मंजुरी प्रलंबित'. नवव्या दिवशी कुरिअरमधून एका मुलीचा फोन आला.

"सर, तुमच्या पार्सलमध्ये लिक्विड आहे."

"बिअर आहे."

"हो सर, तेच. आयातीचा उद्देश काय लिहू? व्यापार, नमुना की भेट?"

मी म्हटलं, भेट. साठीची भेट आहे, भेटच लिहा. ती क्षणभर गप्प झाली. डॉक्टर रिपोर्ट वाचताना होतात तशी.

मग मला एक नवंच ज्ञान झालं. परदेशातून टपालाने किंवा कुरिअरने भेट म्हणून येणाऱ्या वस्तूंना करमाफीच्या आधाराने देशात आणायला सरकारने डिसेंबर २०१९मध्ये बंदी घातली आहे. परदेशी संकेतस्थळं सगळा माल 'भेट' म्हणून पाठवत होती, त्याला आळा घालायला. अपवाद दोनच : जीव वाचवणारी औषधं आणि राखी. राखीपुढे कंसात खुलासा आहे की राखीसोबतच्या भेटवस्तू त्यात येत नाहीत. हे वाक्य ज्या अधिकाऱ्याने लिहिलं त्याला निदान दोन-तीन बहिणी असणार. मी त्या मुलीला म्हटलं, माझ्या बाबतीत जीव वाचवणाऱ्या औषधाचा मुद्दा विचारात घेता येईल का? ती म्हणाली, "सर, प्रिस्क्रिप्शन लागेल."

मग पूर्ण कर भरून भेट घेता येते, असं कळलं. म्हणजे भेट विकत घ्यायची. बिअरवर तेव्हा मूळ सीमाशुल्क शंभर टक्के होतं आणि त्या शुल्कावर दहा टक्के अधिभार. थोडक्यात, पुतण्याने मला सहा बाटल्या पाठवल्या आणि मी सरकारला साडेसहा बाटल्यांहून जास्तीचे पैसे द्यायचे. तेही हो म्हटलं. साठी एकदाच येते.

"आणि सर, तुमच्याकडे परवाना आहे ना?"

इथे आमचं महाराष्ट्र राज्य मंचावर येतं. सीमाशुल्क केंद्राचं, पण दारू हा राज्याचा विषय. त्यामुळे एका बाटलीला दोन सरकारं भेटतात. केंद्राने सोडलं की राज्य दारात उभं असतं. आपल्याकडे १९४९चा दारूबंदी कायदा अजून ठणठणीत आहे. ज्या कायद्याचं नाव दारूबंदी, त्याच कायद्याखाली दारू पिण्याचे परवाने मिळतात, हा चमत्कार आपण इतकी वर्षं बघतोय की आता कुणाला त्याचं हसूही येत नाही. परमिट रूममध्ये बसणाऱ्या किती जणांच्या खिशात परमिट असतं, हा प्रश्न सुसंस्कृत माणूस विचारत नाही. माझ्याकडे आजीवन परवाना नव्हता. एक दिवसाचा पाच रुपयांत मिळायचा हे ऐकून होतो, पण तो एक दिवस कोणता हे ट्रॅकिंगवर दिसत नव्हतं.

रात्री झोप येईना म्हणून हिशेब करत बसलो. एक बाटली ३३० मिलिलिटरची. सहा बाटल्या म्हणजे १.९८ लिटर. परदेशातून येणाऱ्या प्रवाशाला सामानातून किती दारू करमुक्त आणता येते? दोन लिटर. म्हणजे ह्याच सहा बाटल्या पुतण्याने पायमोजांत गुंडाळून बॅगेतून आणल्या असत्या, तर हिरव्या मार्गाने शीळ घालत बाहेर आला असता. वर वीस मिलिलिटर शिल्लक. बिअर तीच, मठ तोच, पिणारा काका तोच. फरक इतकाच की बाटल्या एकट्या आल्या. सोबतीला कुणी पुरुषमाणूस नाही, उशीर झालेला, हातात कागद अपुरे. आपल्या समाजात अशांकडे ज्या नजरेने बघतात, त्याच नजरेने त्यांच्याकडे बघितलं गेलं.

मला वाटलं होतं हा आपलाच दळभद्रीपणा. पण पुतण्या म्हणाला, काका, इथेही तसंच आहे. आणि मग त्याने जे सांगितलं त्याने माझं मन जरा हलकं झालं. दुसऱ्याच्या घरी नळाला पाणी नाही हे कळल्यावर होतं तसं.

युरोपीय संघात एका देशातून दुसऱ्या देशात स्वतःच्या गाडीने, स्वतःसाठी बिअर नेली तर वेगळा कर नाही. किती न्यायची? ११० लिटरपर्यंत सहसा कुणी भुवई उंचावत नाही. ११० लिटर! म्हणजे ३३० मिलिलिटरच्या ३३३ बाटल्या. एवढी बिअर डिकीत घालून माणूस सीमेवर गेला की तो प्रवासी. पण त्यातल्याच सहा बाटल्या दुकानाने कुरिअरने पाठवल्या की पोचायच्या देशाचा अबकारी कर आला, तो आधी भरायची हमी आली. छोटं दुकान हे सगळं कुठून करणार? ते सरळ यादीतून देशच काढून टाकतं. एका डच गृहस्थाने मित्रमंडळींसाठी फ्रान्सहून वाइन मागवली होती. सत्तरेक जणांची मिळून, ना नफा ना तोटा. फ्रान्समध्ये कर भरला होता, तरी हॉलंडने पुन्हा मागितला. भांडण युरोपीय न्यायालयापर्यंत गेलं आणि २००६मध्ये न्यायालयाने सांगितलं : वाइन तुमची असेल, पण ती तुम्ही स्वतः वाहून आणली नाही, ट्रकवाल्याने आणली. कर भरा. म्हणजे कायद्याला बाटलीत काय आहे यापेक्षा बाटलीसोबत कोण आहे याची चिंता जास्त.

इंग्रजांनी तर ब्रेक्झिट करून आणखी मजा केली. २०२१ उजाडलं आणि बेल्जियमच्या बिअरला खाडीपलीकडे कागदपत्रांचा डोंगर लागला. कित्येक दुकानांनी ब्रिटनला घरपोच पाठवणंच बंद केलं. तिथे भेट म्हणून आलेल्या बिअरलाही अबकारी कर चुकत नाही. मात्र फेरीबोटीतून स्वतः घेऊन आलात तर ४२ लिटर बिनबोभाट. अमेरिकेत सरकारी टपालाने बिअर पाठवायला विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून मनाई आहे. बंदूक पाठवायचेही नियम आहेत तिथे, पण ते जाऊ द्या.

सगळ्यात गंमत त्या साधूंची. बेल्जियममधल्या वेस्टव्लेटरेनचा सेंट सिक्स्टस मठ बिअरच्या जगात नावाजलेला. तिथले साधू पोटापुरती बिअर करतात, जास्त नाही. वर्षानुवर्षं तिथे आधी फोन लावून वेळ घ्यावी लागायची, गाडीचा नंबर द्यावा लागायचा, मग ठरल्या वेळी जाऊन मोजके क्रेट उचलायचे आणि ते पुढे कुणाला विकायचे नाहीत, ही अट. २०१९मध्ये त्यांनी संकेतस्थळ काढलं, तरी बिअर न्यायला मठाच्या दारात जावंच लागायचं. शिवाय कित्येक दशकं त्यांच्या बाटलीला लेबलच नव्हतं. जी काय माहिती ती झाकणावर. आमच्या गोदामात ती बाटली तशी आली असती तर 'नाव?' या रकान्यात काय लिहिलं असतं, या विचाराने मी आजही हसतो. त्याच साधूंनी २०१२मध्ये मठाच्या दुरुस्तीसाठी एकदा अमेरिकेत बिअर पाठवली होती. सहा बाटल्या आणि दोन ग्लास अशी खोकी. म्हणजे छप्पर गळायला लागलं की संन्याशालाही आयात-निर्यातीचे फॉर्म भरावे लागतात.

आणि परदेश कशाला, आपल्या बांद्याच्या पुढे इन्सुलीचा नाका आहेच. गोव्याहून येणाऱ्या गाडीची डिकी तिथे उघडली की हा सगळा सिद्धांत उलटा फिरतो. 'फक्त गोव्यात विक्रीसाठी' छापलेल्या बाटलीसोबत माणूस सापडला, हीच तिथली अडचण. कुरिअरच्या बाटलीला माणूस नाही म्हणून पकडायचं, गोव्याच्या बाटलीला माणूस आहे म्हणून. एकाच पेयाला इतकी सोवळी-ओवळी फक्त आपणच लावू शकतो असं मी म्हणणार होतो, पण तो ११० लिटरवाला हिशेब ऐकल्यापासून तोंड उघडवत नाही.

माझ्या खोक्याचं पुढे काय झालं? तिसऱ्या आठवड्यात त्या मुलीने दोन पर्याय दिले. स्वखर्चाने बेल्जियमला परत पाठवा किंवा मालावरचा हक्क सोडून द्या. परतीचा खर्च बिअरच्या तिप्पट होता. मी हक्कसोडपत्र लिहून दिलं. आमच्या घराण्यात आजवर आत्यांनी वडिलांना जमिनीचं हक्कसोडपत्र दिलं होतं. बिअरचं देणारा मी पहिला. 'सदर सहा बाटल्यांवर माझा कोणताही हक्क, हितसंबंध वा दावा राहिलेला नाही.' खाली सही, आधारची प्रत. न पाहिलेल्या बाटल्यांसाठी डोळ्यांत पाणी आलं, हे मी कबूल करतो. असा सोडलेला माल नष्ट करतात म्हणे. बिअर नष्ट करण्याची एक पद्धत मलाही येते, पण ती विचारण्याचं धाडस झालं नाही.

वहिनी म्हणाल्या, तीर्थच ते, गंगेला मिळालं असं समजा.

पुतण्या डिसेंबरात येणार होता, पण त्याच्या पॉलिमरने ऐन वेळी काहीतरी केलं. आता पुढच्या दिवाळीचं म्हणतोय. म्हणून ही विनंती. वाचकांपैकी कुणी ब्रुसेल्सहून इकडे येत असेल, बॅगेत चार किलोंची जागा असेल आणि स्वतः दोन लिटरचा कोटा वापरणार नसेल, तर संपादकांमार्फत कळवावं. बाटल्या ३३० मिलिलिटरच्याच घ्याव्यात, सहाच घ्याव्यात. पाऊण लिटरच्या तीन घेतल्या तर सव्वादोन लिटर होतात.