आम्ही येतोय, साहेब, जागेवर असा

आदरणीय आमदारसाहेब,



हिवाळी अधिवेशनात आम्ही नागपूरला आपल्या भेटीला येतोय. आम्ही नागपूरला आलो की आपण मतदारसंघात असता आणि मतदारसंघात शोधलं की मुंबईला, हे ठाऊक असूनही आगाऊ कळवतोय. यंदा आपल्याला पळायला पुरेसा वेळ द्यायचा आणि मग गाठायचं, असं तालुका शाखेच्या बैठकीत ठरलं आहे.

ओळख विसरला असाल तर सांगतो. आम्ही जिल्हा परिषदेचे प्राथमिक शिक्षक. विधान परिषदेत शिक्षक मतदारसंघाचे सात आमदार बसतात, पण त्यांना निवडायचा हक्क माध्यमिक आणि त्यापुढच्या गुरुजींना, आम्हाला नाही. बीएलओ होऊन दारोदार मतदार याद्या मात्र आम्हीच दुरुस्त करतो. तेव्हा आमचे म्हणून जे काही आमदार आहेत, ते आपणच. नाइलाज दोन्हीकडून आहे.

प्रश्न आपल्याला पाठ आहे. ३१ ऑक्टोबर २००५ पर्यंत रुजू झालेल्या गुरुजींना निवृत्तीनंतर शेवटच्या मूळ पगाराच्या निम्मी पेन्शन. १ नोव्हेंबरपासून लागलेल्यांना दरमहा दहा टक्के कपात आणि म्हातारपणी शेअर बाजार देईल तो प्रसाद. निवडणुकीआधी ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ लिहिलेली टोपी घालून आपण आमच्यात बसला होता. टोपी आपल्याला शोभत होती हो. त्याच दिवशी पाठिंब्याचं पत्रही दिलंत. ते मंत्रिमहोदयांकडे गेलं, त्यांनी कोपऱ्यात ‘तपासून सादर करावे’ असा शेरा मारला, आणि तपासणी इतकी कसून चालली आहे की पत्र अजून सादर झालेलं नाही.

आजवर आमच्याच पद्धतीत खोट होती, असं आपले स्वीय सहायक म्हणतात. यशवंत स्टेडियमवरून निघायचं, मॉरिस कॉलेजच्या टी-पॉइंटला बॅरिकेडपाशी बसायचं, पाच जणांचं शिष्टमंडळ पोलिसांच्या गाडीतून आत जायचं. मंत्री निवेदनाचा विषय तेवढा वाचतात, मग सगळे मिळून तो एकच कागद धरतात, फोटो निघतो, कागद सहायकाच्या बगलेत जातो. बाहेर हजारो माणसं ‘आत काय झालं?’ म्हणून उभी. काय व्हायचं? फोटो झाला.

या रस्त्यावर ताटकळत ठेवण्याचा अर्थ नागपूरला नव्याने सांगावा लागत नाही. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी आदिवासी दाखल्यासाठी आलेले गोवारी असेच थांबले होते, सरकारकडून कोणीतरी येऊन निवेदन घेईल म्हणून. लाठीमार झाला, चेंगराचेंगरीत ११४ जीव गेले, त्यांत बायका आणि मुलंच अधिक. सीताबर्डीच्या उड्डाणपुलाला पुढे त्या शहिदांचं नाव दिलं. विमानतळावरून विधानभवनाकडे येताना आपली गाडी त्याच पुलावरून जात असेल. काचा काळ्या असल्या तरी फलक दिसायला हरकत नाही.

तर यंदा पद्धत बदलली आहे. मंत्र्यांना भेटायचंच नाही. प्रत्येक तालुक्याने आपापला आमदार धरायचा, तोही आमदार निवासात, सकाळी, आंघोळ होऊन बाहेर पडायच्या आत. तयारी म्हणून आम्ही शनिवारी शाळा सुटल्यावर रंगीत तालीम घेतली. आमच्यातल्या एका गुरुजींना आमदार केलं. त्यांनी बंद पडलेला मोबाइल कानाला लावून आम्हाला बराच वेळ उभं ठेवलं, मग ‘हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय’ म्हणाले, एकाच्या खांद्यावर हात टाकला, दुसऱ्याला ‘आई कशी आहे?’ विचारलं आणि प्रश्न निघायच्या आत चहा मागवला. तालमीनंतरही ते काही दिवस भूमिकेतून बाहेर येत नव्हते. मुख्याध्यापकांनी माहिती मागितली की ‘बघू, करू’ म्हणायचे.

त्या तालमीतून ठराव निघाले. चहा घ्यायचा नाही. उत्तर मिळाल्याशिवाय फोटो काढायचा नाही. आपण आईची चौकशी केलीत तर ‘बरी आहे’ एवढंच सांगून विषयावर यायचं. आणि बोलायचं एकीनेच, आमच्या एका बाईंनी. पहिलीच्या पोराला तो पाटी पुढे धरेपर्यंत त्या सोडत नाहीत, बाकी आपण समजून घ्या.

आपण सांगाल की २०२४ मध्ये सरकारने पन्नास टक्क्यांची सुधारित योजना दिली, आता काय राहिलं? साहेब, तिच्यातही पगारातली दहा टक्के कपात तशीच आहे. तिजोरीवरचा बोजाही सांगाल. तो मुद्दा खरा आहे, बोजा पडतोच, आणि त्यावर आपण सभागृहात बोलावं हीच तर विनंती आहे. मात्र ऑगस्ट २०१६ मध्ये आमदारांचं वेतन वाढवणारं विधेयक आलं, तेव्हा चर्चेलाही कोणी उठलं नव्हतं. माजी आमदाराची पेन्शन ४० हजारांवरून ५० हजारांवर गेली. तीही एका टर्मला, आणि पुढच्या प्रत्येक वर्षाला जास्तीचे दोन हजार. ना मोर्चा, ना टोप्या, ना टी-पॉइंट. ही पद्धत आम्हाला शिकायची आहे. प्रशिक्षणांची आम्हाला सवय आहे. एक दिवसाची कार्यशाळा घ्या, सतरंज्या आणि प्रमाणपत्रं आमच्याकडे.

बाईंच्या हातात एक कागद असेल. आपण या विषयावर किती तारांकित प्रश्न विचारले, किती लक्षवेधी दिल्या, अर्धा तास चर्चा कधी मागितली, असे रकाने त्यात आखले आहेत. रकाने मोठे ठेवलेत. आपल्याकडची माहिती मावली नाही, असं होऊ नये म्हणून. ते कोरे राहिले तर कागद आम्ही गावोगावच्या पारावर लावू. शाळेत लावता येणार नाही. आमच्यावर वर्तणूक नियम १९६७ आहेत. खाली नावं लिहीत नाही, तीही त्याच नियमांमुळे. आपल्यावर तसे काही नियम नाहीत, त्यामुळे आपण मोकळेपणी बोलू शकता.

भाषण लिहायला वेळ नसेल, याचीही सोय केली आहे. लक्षवेधी सूचनेचा मसुदा टंकलिखित करून सोबत जोडला आहे. शुद्धलेखन तपासलं आहे. खाली सहीपुरती जागा सोडली आहे, पेन आम्ही घेऊन येऊ.

आपले मतदार,
१ नोव्हेंबर २००५ नंतर सेवेत आलेले तालुक्यातील गुरुजी आणि बाई

ता. क. : पत्राची पोच आपल्या कार्यालयाचा शिक्का आणि आवक क्रमांकासह घेतली आहे. ‘पत्र मिळालंच नाही’ हे वाक्य कृपया यंदा वापरू नये.