मिरचीला वाघ, बिलाला शेळी

नंदुरबारचा माणूस खरा कसा आहे हे बघायचं असेल, तर तो वर्षाची मिरची घेत असताना बघावा. देठ मोडून बघणार, मूठभर मिरची कानाशी नेऊन बी किती खुळखुळतं ते ऐकणार, रंगाला नावं ठेवणार, ‘पथारीवर नीट वाळली नाही वाटतं, भाऊ?’ असं विचारून व्यापाऱ्याच्या वाडवडिलांच्या सचोटीवर शंका घेणार. निघून गेल्यासारखं करून दोनदा परत येणार. शेवटी किलोमागे दोन रुपये सुटले की गड जिंकल्याच्या थाटात पोतं गाडीवर टाकणार.

हाच वीर महिन्याच्या शेवटी क्रेडिट कार्डाचं बिल उघडतो. म्हणजे उघडलं तर. त्यात कुठल्याशा परक्या नावापुढे १,४९९ रुपये लिहिलेले असतात. वीर ते नाव दोनदा वाचतो, बायकोकडे बघतो, बायको मुलाकडे बघते, मुलगा मोबाईलकडे बघतो. मग वीर म्हणतो, ‘असेल काहीतरी.’ आणि पैसे भरून टाकतो. मिरचीवाल्याला जो माणूस दोन रुपये सोडायला तयार नव्हता, तो दीड हजार रुपये न दिसणाऱ्या माणसाला देऊन शांत झोपतो. भांडायला समोर तोंड लागतं, आणि बिलाला तोंड नसतं, हे त्याचं तत्त्वज्ञान.

कार्डांच्या बाबतीत आपल्या जिल्ह्याला कुणी मागास म्हणू नये. देशातला पहिला आधार क्रमांक आपल्या शहादा तालुक्यातल्या टेंभलीत दिला गेला; २९ सप्टेंबर २०१० ला खुद्द पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी त्यासाठी आले होते. बारा आकड्यांनिशी आपण कोण आहोत हे सिद्ध करण्यात आपण देशात पहिले. सोळा आकड्यांच्या कार्डावर जो खर्च झाला तो करणारे आपण नव्हेत, हे सिद्ध करायची पाळी आली की मात्र मागच्या बाकावर जाऊन बसतो.

बरं, भांडत नाही असंही नाही. भांडतो, पण मुहूर्त चुकवून. दुकानदार मशीन पुढे करून म्हणतो, ‘कार्डाला दोन टक्के वर लागतील, शेठ.’ मशीनचा खर्च त्याने त्याच्या बँकेला द्यायचा असतो. डेबिट कार्डाच्या बाबतीत तर तो गिऱ्हाइकाच्या माथी मारला जाऊ नये, हे बघण्याचं काम रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०१७ मध्ये बँकांवर टाकलं. तेव्हा भांडायचं ते इथे, पिन दाबण्याआधी. पण इथे आमचा शेठ ‘शेठ’ ऐकून विरघळलेला असतो. पिन दाबतो, पावती खिशात घालतो, घरी येऊन जेवतो आणि मग बडीशेप चघळत बँकेला फोन लावतो की मला लुटलं. आपल्या हाताने पिन दाबून मान्य केलेल्या रकमेसाठी बँकेने रात्री दहाला घोड्यावर बसावं, अशी त्याची अपेक्षा असते. घोडे सारंगखेड्याला मिळतात, तेही दत्तजयंतीला.

दुसरी जात याच्या उलट. बिलात अनोळखी नाव दिसलं रे दिसलं की ‘फ्रॉड! फ्रॉड!’ म्हणून आळी गोळा करणारी. आमच्या ओळखीतल्या एकाने मुंबईच्या पत्त्यावरची कुठलीशी कंपनी बघून तडक कार्ड बंद करून घेतलं. नंतर कळलं की ज्या ढाब्यावर सगळ्या खानदानाने शेवभाजी हाणली होती, त्याच्या मालकाच्या मशीनवर त्या कंपनीचं नाव नोंदलेलं होतं. पाटीवर एक नाव आणि कागदावर दुसरं, ही आपल्याकडच्या धंद्याची जुनी रीत. नवं कार्ड येईपर्यंत त्यांच्या घरातला विजेच्या बिलापासून मुलीच्या शिकवणीपर्यंतचा प्रत्येक हप्ता परत आला. तारीख, रक्कम आणि त्या दिवशी आपण कुठे होतो, एवढं ताडून बघायला पाच मिनिटं लागतात. पण पाच मिनिटांत आळी गोळा होत नाही.

आणि खरोखर चोरी झाली असेल तर? कार्ड आपल्या खिशात आणि खरेदी तिसऱ्याच गावात, असं असेल तर दुकानदाराला शोधत बसण्यात अर्थच नाही. तो तुमचा दुकानदारच नव्हे. तिथे बँक आणि १९३० हा सायबर गुन्ह्यांचा क्रमांक, तोही त्याच क्षणी. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात हिशेब स्पष्ट मांडला आहे. चूक ना तुमची ना बँकेची, तिसऱ्याचीच असेल आणि संदेश आल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत कळवलंत, तर तुमच्यावर एक पैसाही नाही. चौथ्या ते सातव्या दिवसात कळवलंत तर ठरावीक मर्यादेपर्यंत झळ सोसायची. त्यानंतर बँकेच्या धोरणाची मर्जी. आता हे तीन दिवस आपल्याकडे कसे जातात ते बघा. पहिल्या दिवशी घरात कुणी काय केलं याची चौकशी समिती बसते. दुसऱ्या दिवशी पुण्यात बँकेत असलेल्या मेहुण्याला फोन जातो. तो गृहकर्जाच्या विभागात असतो. तिसऱ्या दिवशी मेहुणा सांगतो, ‘आधी कस्टमर केअरला लाव.’ ओटीपी आपणच गोड आवाजाच्या माणसाला वाचून दाखवला असेल, तर कळवेपर्यंतचं नुकसान आपलंच. म्हणून तर समितीचं काम आणखी लांबतं. कबुली द्यायला कुणी पुढे येत नाही.

तिसरी जात हुशार. तिला नियम पाठ असतात. बँक दुकानदाराच्या बँकेकडून पैसे परत ओढून आणू शकते, याला चार्जबॅक म्हणतात, हेही माहीत असतं. यातला एक जण सुरतेहून शेरवानी आणतो, ती घालून वरातीत दोन तास नाचतो, जेवणात खानदेशी वरणबट्टीचं तूप तिच्यावर सांडून घेतो आणि सोमवारी बँकेला लिहितो, ‘माल दाखवल्याप्रमाणे निघाला नाही.’ दुकानदाराला पुरावा द्यायची संधी असते, आणि वरातीचा व्हिडिओ नवरदेवाच्या मित्रांनीच गावभर पाठवलेला असतो. असे चार लबाड निघाले की पाचव्या प्रामाणिक माणसाच्या तक्रारीकडेही बँक भुवया उंचावून बघते.

प्रामाणिक माणसांत आमच्या गल्लीतल्या निवृत्त गुरुजींचा नंबर पहिला. त्यांनी मोबाईलवरून मिक्सर मागवला. पैसे कापले गेले, मिक्सर आला नाही, ‘माल पोहोचला’ हा संदेश मात्र वेळेवर आला. गुरुजी छत्री घेऊन बँकेच्या शाखेत गेले. साहेब म्हणाले, ‘कार्डाचं इथे काही नसतं, गुरुजी.’ गुरुजी चकित. कार्डावर नाव या बँकेचं, फॉर्म भरून घेतला याच टेबलावर, पेढा खाल्ला याच साहेबांनी. पण नवापूरच्या रेल्वे स्टेशनासारखं आहे हे: तिकिटाची खिडकी महाराष्ट्रात, स्टेशनमास्तर गुजरातेत. कार्ड गळ्यात मारणारी खिडकी जवळच असते. उत्तर देणारा मास्तर हद्दीपलीकडे.

पलीकडच्या मास्तरने फोनवर विचारलं, ‘आधी विक्रेत्याशी बोललात का?’ प्रश्न रास्त होता. माल आला नाही, फुटका आला, परताव्याचं कबूल करून दिला नाही, एकाच खरेदीचे पैसे दोनदा कापले, असल्या भानगडीत पहिला हक्क आणि पहिली जबाबदारी विक्रेत्याचीच. गुरुजी म्हणाले, ‘बोललो ना, तासभर बोललो.’ ‘लेखी काही?’ लेखी काही नव्हतं. ज्यांनी तीस वर्षं पोरांना ‘तोंडी सांगू नकोस, वहीत लिहून आण’ म्हणून बजावलं, त्या गुरुजींना कंपनीच्या गोड मुलीने तोंडी उत्तरावर पास करून पाठवलं होतं.

मग मात्र गुरुजी पेटले. ऑर्डरचा क्रमांक, तारीख, खोट्या संदेशाचा फोटो, विक्रेत्याला मेल, ‘सात दिवसांत पैसे परत करा’ ही मुदत, असं सगळं ठाकठीक. सात दिवस गेले, उत्तर आलं नाही, तेव्हा तीच फाईल बँकेला. दरम्यान गुरुजी बाणेदारपणे ‘अख्खं बिलच भरत नाही’ म्हणायला लागले होते. मुलाने समजावलं की वादातल्या रकमेचं काय ते बँकेला विचारा, पण उरलेले पैसे तारखेच्या आत भरा, नाहीतर मिक्सरच्या किमतीचं नुसतं व्याजच होईल. गुरुजींनी भरले. चेहरा मात्र दंड भरल्याचा होता.

महिना संपायच्या आत बँकेचं उत्तर आलं. विक्रेत्याने पोहोच पावती दाखवली होती, सहीसकट. ती सही गुरुजींनी चष्मा लावून, मग काढून, मग उजेडात नेऊन पाहिली. म्हणाले, ‘ही माझी नाही. ही आपल्या गल्लीतल्या कुणाचीच नाही. ज्याने केली त्याला शुद्धलेखनात मी पस्तीसच्या वर दिले नसते.’ हे जसंच्या तसं त्यांनी बँकेला पुन्हा लिहून कळवलं, सोबत स्वतःच्या सहीचे तीन नमुने. बँकेने ऐकलं नाही, किंवा तीस दिवस उत्तरच दिलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. २०२१ पासून सगळ्यांसाठी एकच योजना आहे आणि तिथे फी लागत नाही. त्या अर्जाचा मसुदाही तयार आहे. गुरुजींनी त्याला समास आखून ठेवला आहे.

तेवढ्यात बँकेचा संदेश आला: ‘आपली तक्रार यशस्वीरीत्या बंद करण्यात आली आहे. आमच्या सेवेला १ ते ५ पैकी गुण द्या.’ गुरुजींनी विचार करून दीड दिला. यंत्राने दीड घेतला नाही. तेव्हा त्यांनी त्याच क्रमांकावर शेरा टंकून पाठवला: ‘उत्तर अपूर्ण. उद्या पालकांना घेऊन येणे.’