घाट आला, घाट गेला

नांदेड समुद्रसपाटीपासून साधारण ३६० मीटर उंचीवर आहे आणि लातूर ६३०च्या आसपास. हे आकडे लातूरकराला सांगू नयेत. सांगितले की तो लगेच म्हणणार, "म्हणजे आम्ही वरचे!" मग नांदेडकर सुपारी कातरत आठवण करून देणार की आमच्या दारात गोदावरी आहे आणि २०१६च्या उन्हाळ्यात वरच्यांना प्यायचं पाणी मिरजेहून रेल्वेनं आणावं लागलं. इथून गाडी महसूल आयुक्तालयावर घसरते. मराठवाड्यातलं दुसरं आयुक्तालय नांदेडला की लातूरला, हा वाद आमच्याकडं पिढीजात झालाय. २००९ साली नांदेडचं नाव पुढं आलं, लातूर रस्त्यावर उतरलं, आणि आजही दोन्हीकडची माणसं कागदांची पिशवी घेऊन छत्रपती संभाजीनगरलाच जातात.

या भानगडीत दोन शहरांच्या मधल्या रस्त्याकडं बघायचं राहूनच गेलं. महामार्ग क्रमांक ३६१. रेल्वेनं जायचं म्हटलं तर परभणी, परळीचा वळसा. त्यातही लातूर रोड नावाच्या स्टेशनवर उतरलात तर लातूर अजून बरंच पुढं. तेव्हा रस्ताच बरा.

नांदेडची घरं संपून विष्णुपुरी मागं पडली की स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या आसपास जमीन हळूच उठायला लागते. हे विद्यापीठ १७ सप्टेंबर १९९४चं. नाव आणि तारीख दोन्ही मुक्तिसंग्रामातली, जागा मात्र माळाची. पुढं वडेपुरीच्या डोंगरावर रत्नेश्वरी देवी. हा सगळा बालाघाट. सह्याद्रीचा हा फाटा तिकडं हरिश्चंद्रगडाकडून निघतो आणि नगर, बीड करत आमच्यापर्यंत पोचतो, तोवर त्याचा दम गेलेला असतो. म्हणून आमच्याकडं डोंगर उभा राहत नाही, बसून घेतो.

आमचे दाजी पुण्याचे. आमच्या बहिणीचा संसार त्यांनी नीट केला, त्याबद्दल तक्रार नाही. पण घाटाच्या बाबतीत माणूस फार कडक. एकदा विद्यापीठ ओलांडल्यावर मी उत्साहानं म्हणालो, "दाजी, घाट लागला बघा." दाजींनी मोबाइल खाली ठेवला, चष्मा पुसला, काच खाली केली.

"कुठंय?"

"गेला."

मग लोहा येईपर्यंत आम्ही ताम्हिणी, वरंधा आणि आंबेनळी असे तीन घाट चढलो आणि उतरलो. शेवटी दाजींनी विचारलं, "इथं धबधबा वगैरे?" ड्रायव्हर तोवर गप्प होता. तो म्हणाला, "सायब, आधी पाऊस तर पडू द्या की."

पण खरं सांगतो, पाऊस पडलेल्या वर्षी भाद्रपदात हा रस्ता बघावा. काळ्या खडकावर पोपटी गवत, खाली सोयाबीनची चौकटी-चौकटीची रानं, आणि उतारावर शेरडं अशा बेतानं उभी की त्यांना बघून आपलाच तोल जावा. उन्हाळ्यात यातलं काहीही नसतं. तेव्हा नुसता खडक असतो आणि शेरडं. दिवाळीच्या आगेमागे कडेला सीताफळांच्या टोपल्या लागतात. एक मावशी गिऱ्हाइकाकडं न बघता फळाचा डोळा दाबते आणि तीन ढीग करते: "हे आज खावा, हे उद्या, हे परवा." एवढं चोख नियोजन आमच्याकडं दुसऱ्या कुठल्याही खात्यात नाही. पुढं रस्त्याच्या कृपेनं अहमदपूरपर्यंत आज, उद्या आणि परवा डिकीत एकत्र होतात, ती गोष्ट वेगळी.

बघायला मात्र कुणाला सवड नाही. दोन्ही शहरांत शिकवण्यांचं मोठं पीक, त्यामुळे बसमध्ये निम्मी पोरं डॉक्टर व्हायला निघालेली. फाल्गुनात माझ्या शेजारी असाच एक मुलगा डोळे मिटून घोकत होता, "पळस, ब्युटिया मोनोस्पर्मा, कुळ फॅबेसी." बाहेर माळावर पळस पेटला होता. मी म्हणालो, "बाळा, ते बघ तुझं फॅबेसी." त्यानं एक डोळा उघडला आणि विचारलं, "काका, हे परीक्षेला आहे का?"

या रस्त्यावर थांबून चारही बाजूंना बघायची सक्ती होते ती मार्गशीर्षात. माळेगावची खंडोबाची यात्रा भरली की घोडे, उंट, गाढवं आणि आमदारांच्या गाड्या एकाच वेगानं चालतात. आम्ही अडकलो तेव्हा गाढवं पुढं निघून गेली.

अहमदपूरनंतर शिरूर ताजबंद, चापोली, चाकूर, आष्टामोड. सपाट आहे. चहा प्या.

तर निघणार असाल तर पोळ्यानंतर निघा, सकाळची वेळ धरा आणि सोनखेड ते अहमदपूर झोपू नका. चढ इतका सभ्य आहे की तो गिअर बदलणाऱ्याला कळतो, मागं बसणाऱ्याला नाही. दिवाळीत गेलात तर सीताफळं डिकीत टाकू नका, मांडीवर घेऊन बसा.