आडोशासाठी बांबू: माहुल विभागाकरता मार्गदर्शिका

ही मार्गदर्शिका अंगणाला हिरवा पडदा हवा असणाऱ्या माहुलकरांसाठी आहे. अंगण नसल्यास पायरीशेजारची हातभर पट्टीही ग्राह्य धरण्यात येईल.

नियम १. कोणापासून लपायचं, ते आधी ठरवा. रिफायनरीपासून लपता येत नाही. ती १९५५ साली बर्मा शेलच्या नावाने सुरू झाली, १९७६ मध्ये सरकारची झाली, आणि आपल्यापैकी बहुतेकांच्या आधीपासून इथे आहे. औष्णिक वीजकेंद्राची चिमणी २७५ मीटर, उत्तम पोसलेला माणगा बांबू फार तर आठ-नऊ मीटर. उरलेल्या उंचीसाठी खाली बघून चालावे. वासाचं तर नावच काढू नका. इथल्या हवेबद्दल राष्ट्रीय हरित लवादाने २०२० साली चार कंपन्यांवर मिळून सुमारे २८६ कोटींची भरपाई बसवली. ती हवा सुधारायचं काम बांबूच्या चार रोपांवर टाकणं बरं नव्हे. ‘झाडं लावा, हवा आपोआप सुधारेल’ असं व्यासपीठावरून सांगणाऱ्यांना एक रात्र इथे मुक्कामाला बोलवावं.

म्हणजे राहता राहिले शेजारचे काका. काका निवृत्त आहेत. आपल्याकडे पार्सल आलं की ते कसलं, पाहुणा आला की तो कोणाकडचा, हे आपल्या आधी काकांना कळतं. पडदा हवा तो इथे.

नियम २. नर्सरीत ‘गोल्डन बांबू’ मागू नका. त्या नावाखाली दोन भलतेच बांबू विकले जातात: एक जमिनीखालून धावत सुटतो, दुसरा जागच्या जागी बेट करतो पण राक्षसासारखा वाढतो. नावापेक्षा कंदाची चौकशी करा. बेट करणाराच घ्या. कोकणातला माणगा बिनकाट्याचा आणि जवळजवळ भरीव. काटेरी काटस चुकूनही नको. काका त्यात अडकले तर सोडवायला आपल्यालाच जावं लागेल. टेबलावरचा ‘लकी बांबू’ हा मुळात बांबूच नाही, त्यामुळे त्याच्याकडून कसलीच अपेक्षा ठेवू नये.

नियम ३. जून. पहिला पाऊस पडला की लगेच.

नियम ४. खड्डा दोन फूट लांब-रुंद-खोल, तळाशी शेणखत, दोन रोपांत चार-पाच फूट. खाडीकाठची माती खारट, त्यात भरतीला जोराचा पाऊस आला की पाणी हटत नाही, आणि पाणी तुंबलं की कंद कुजतो. म्हणून विटांचा कठडा करून त्यात लाल माती भरावी. खड्डा खणताना काका कठड्यावर येऊन बसतील. “परवानगी घेतली का?” या प्रश्नाला उत्तर असं द्यावं: वनक्षेत्राबाहेरचा बांबू २०१७ सालीच भारतीय वन कायद्यातल्या झाडाच्या व्याख्येतून बाहेर काढलाय. हे गवत आहे, काका. त्यावर काका म्हणतील, “गवतासाठी एवढा खड्डा?” इथे उत्तर नाही.

नियम ५. पहिलं वर्ष काहीही होत नाही. काका रोज विचारतील. दुसऱ्या पावसाळ्यात कोंब येतात. कोंब जमिनीतून निघतो तोच पुऱ्या जाडीचा, दोन-तीन महिन्यांत पूर्ण उंची गाठतो आणि मग जन्मभर इंचभरही वाढत नाही. पुढच्या वर्षी येणारे कोंब त्याहून जाड आणि उंच. हे काकांना कधीही सांगू नये. आम्ही सांगितलं. आता ते पावसाळाभर सकाळी फूटपट्टी घेऊन येतात आणि कोंबांची नोंद कॅलेंडरवर ठेवतात.

खाली पडलेली पानं झाडू नका, मुळाशीच राहू द्या. तीन वर्षांवरच्या काठ्या पाऊस सरल्यावर कापा, जमिनीलगत आणि गाठीच्या अगदी वर. पोकळ पेर उघडं राहिलं की त्यात पाणी साचतं आणि डासांच्या अळ्या होतात. हे ज्ञानही काकांचंच. उन्हाळ्यात आपण गावी गेलो की पाणी तेच घालतात, बादलीने, गुडघे दुखत असताना. पडदा आता चांगला दाट झाला आहे आणि काका त्याच्या आतल्या बाजूला खुर्ची टाकून बसतात, कारण तिथे सावली असते.

नियम ६, जो कुठल्याच पुस्तकात नाही. गुढीपाडवा. पाऊस सरल्यावर काढायची राहून गेलेली जुनी काठी नेमकी गुढीच्या वेळी सगळ्यांना आठवते. आदल्या संध्याकाळपासून अख्खी गल्ली दाराशी. “एकच द्या हो, सरळ बघून.” काका आतून दाखवतात कोणती सरळ. पाडव्याला पडद्याला खिंडार पडतं, ते पुढच्या पावसाळ्यापर्यंत बुजत नाही.

सबब सर्वांना कळवण्यात येते की, काठी हवी असल्यास फाल्गुनातच सांगून ठेवावे, कोयता स्वतःचा आणावा, आणि ज्यांनी कपडे वाळत घालायला म्हणून नेलेली काठी अजून परत केलेली नाही, त्यांनी आधी ती आणून द्यावी. यादी काकांकडे आहे.