आमच्या टायमाले कंबर नव्हती

चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात निसर्गाने द्यायचे ते भरभरून दिले, पण सगळे जमिनीवर ठेवून दिले. मोहाचे झाड उंच असते, त्याचे फूल मात्र रात्री गळून खाली पडते आणि पहाटे एकेक वेचावे लागते. तेंदूचे झाडही वाढू दिले तर चांगले वाढते, पण विडीला कोवळे पान लागते, म्हणून खुंट छाटून त्याचे झुडूपच ठेवतात. पावसाळ्यात सात्या (अळंबी) आणि वास्ते (बांबूचे कोंब) जमिनीतूनच वर येतात. धानाचा तर प्रश्नच नाही, तो चिखलात. म्हणजे इथे पोट भरायचे तर आधी कंबर वाकवायची, आणि वाकण्याचे खाते पूर्वापार बायकांकडे. पुरुष झाडावर चढतात, ट्रॅक्टर चालवतात, पारावर ताठ बसतात.

आता अशा मुलखात एखादीला दिवस गेले की नऊ महिन्यांचा हिशेब करून पाहावा. मार्च-एप्रिलमध्ये मोह, मे महिन्यात तेंदूपत्ता, जुलै-ऑगस्टमध्ये रोवणी, म्हणजे धानाची लावणी, दिवाळीच्या आसपास धानाची कापणी. नऊ महिने कुठूनही मोजायला घ्या, दोन-तीन हंगाम पोटासकट वाकूनच काढावे लागतात. सातवा महिना नेमका रोवणीत यायचा, हा योग तर पंचांगात लिहून ठेवल्यासारखा जुळतो.

तेंदूच्या हंगामात घरातली माणसे तिच्यावर मोठी दया करतात. जंगलात जायचे नाही, घरी बसून पुडे बांधायचे! एका पुड्यात ७० पाने. पान उलटसुलट पाहायचे, फाटके बाजूला टाकायचे, गड्डी जुळवायची, दोरीने बांधायची आणि संध्याकाळच्या आत पुडे फळीवर, म्हणजे खरेदीच्या ठिकाणी, पोचतील असे पाहायचे. वाढते पोट घेऊन जमिनीवर पाय दुमडून चार-पाच तास पुढे झुकून बसणे, याला घरात ‘आराम’ म्हणतात. कमरेला विचारले तर ती जंगलात जायला एका पायावर तयार होईल.

अर्थात जंगलातले वाकणे ही थट्टेची गोष्ट नाही. वाकलेला माणूस वाघाला चार पायांच्या सावजासारखा दिसतो, असे वनखात्याची माणसे गावोगाव सांगतात. एकटे जाऊ नका, गटाने राहा, आवाज करत राहा. मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच हल्ल्यात गेल्या. त्या भागात ‘जपून वाक’ हे वाक्य फक्त कमरेसाठी म्हटलेले नसते.

घरी परतावे तर तिथे सासूबाई. कंबर दुखते म्हणून सून भिंतीला टेकली की त्यांचे ठरलेले निवेदन सुरू होते: “आमच्या टायमाले कोनाची कंबर दुखे वो? तुया नवऱ्याले पोटात घेऊन आमी रोवणा केला. सकाळी बांधीत होतो, राती बाळंत झालो.” ही कथा ऐकावी तर त्या काळच्या बायकांना कंबर नावाचा अवयवच नसावा, तो सुनांबरोबर आला. शेजारची मावशी याहून पुढे जाते. दुखणे नेमके कुठे आहे, खाली की वर, डावीकडे की उजवीकडे, हे विचारून ती मुलगा की मुलगी ते सांगून टाकते. गर्भलिंग तपासणी हा गुन्हा आहे असा फलक प्रत्येक सोनोग्राफी केंद्रावर लागतो, १९९४ चा कायदा आहे. मावशीच्या ओसरीवर मात्र फलक नाही. एवढ्या चौकशीत कंबर जिची आहे तिला काय हवे, हा प्रश्न राहूनच जातो.

खरे म्हणजे या दुखण्यामागे लाखो वर्षांचा इतिहास आहे. कॅथरिन व्हिटकम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात एक शोधनिबंध लिहिला. पोट पुढे वाढत जाते तसा शरीराचा तोल पुढे जायला लागतो, तरी दोन पायांवर चालणारी गरोदर बाई तोंडावर का पडत नाही, हा त्यांचा प्रश्न. उत्तर कंबरेत सापडले. पाठीच्या कण्याचा खालचा बाक पुरुषांमध्ये दोन मणक्यांवर असतो, बायकांमध्ये तो तीन मणक्यांवर पसरलेला असतो. त्यामुळे तिला मागे रेलून तोल सावरता येतो आणि मणक्यांवरचा ताणही वाटला जातो. ही सोय ऑस्ट्रॅलोपिथेकस नावाच्या आपल्या फार जुन्या पूर्वजांच्या सांगाड्यातही दिसली. उत्क्रांतीने एवढा बारीक विचार केला, एक मणका जास्तीचा कामाला लावला. पण तो सगळा चालण्यासाठी. दिवसभर घोट्याभर पाण्यात पुढे वाकून, उलट्या पावलांनी मागे सरकत परे, म्हणजे धानाची रोपे, लावायचे आहेत, हे उत्क्रांतीला कोणी कळवले नव्हते.

त्यात गरोदरपणात शरीरात अशी काही संप्रेरके वाढतात की ओटीपोटाच्या हाडांना बांधून ठेवणारे स्नायुबंध सैल पडतात. बाळाला वाट मिळावी म्हणून ही तजवीज. मात्र सांधे सैल झाले की त्यांना धरून ठेवण्याची हमाली पाठीच्या स्नायूंवर येते. पोटाचे स्नायू तोवर ताणून पातळ झालेले, म्हणजे पुढून मदत बंद. जगभरातल्या अभ्यासांचा धांडोळा घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या अहवालात दोन तृतीयांशाहून जास्त गरोदर बायकांना कंबरदुखी होते असे म्हटले आहे. तेव्हा सून नाटक करत नाही. नाटकाचा विषय पुढे येणार आहे, तो वेगळा.

सासूबाईंच्या दाव्याचे काय? त्याची तपासणी गडचिरोलीतच झाली आहे, थोड्या वेगळ्या दिशेने. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी केली आणि १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष छापले. ९२ टक्के बायकांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता, आणि जेमतेम ८ टक्के बायकांची त्याआधी कधी तपासणी झाली होती. बाकीच्या बायका ‘आम्हाला काही होत नाही’ गटातल्याच. कंबर दुखणे आणि अंगावरून पांढरे जाणे ही बायकांची जातच आहे, असे धरून चालले की डॉक्टरकडे कशाला जायचे? पुढे याच संस्थेच्या शोधग्राम या आवारात मुंबईचे मणक्याचे शल्यचिकित्सक डॉ. शेखर भोजराज आणि त्यांचे स्पाइन फाउंडेशन यांनी पाठदुखीचे रुग्ण तपासायला आणि शस्त्रक्रिया करायला सुरुवात केली. उभा जन्म धानाच्या बांधीत गेलेल्या पिढीची कंबर अशा ठिकाणी बोलते. घरात मात्र सुनेसमोर ती गप्प असते. सासूपदाची काही शिस्त आहे.

मग करायचे काय? कॉक्रेनच्या २०१५ च्या त्या अहवालात ३४ चाचण्या आणि ५१२१ गरोदर बायका होत्या. एवढ्या खटाटोपातून निघालेले सार असे की व्यायामाने कंबरदुखी कमी होऊ शकते. हे गावच्या आशा कार्यकर्तीने सांगितले की घरभर हशा पिकतो. “एवढं काम करते, आनखी व्यायाम कायचा?” प्रश्न रास्त वाटतो, पण चुकीचा आहे. काम कमरेला एकाच दिशेने, तासन्‌तास वाकवते. व्यायाम तिला उलट दिशेने सोडवतो. हात आणि गुडघे टेकून मांजरीसारखी पाठ वर गोल करायची, मग सावकाश सरळ करायची. भिंतीला पाठ लावून कमरेची पोकळी भिंतीकडे दाबायची. रोज थोडे चालायचे. झोपताना कुशीवर, दोन गुडघ्यांच्या मधे उशी. उशी नसेल तर घडी घातलेले लुगडे चालते. उठताना आधी कुशीवर वळायचे, मग हाताचा आधार घ्यायचा. कोमट शेक कमरेला द्यायला हरकत नाही, पोटाला नाही. आणि हंडा उचलायचाच असेल तर कंबरेतून न वाकता गुडघ्यात बसून उचलायचा. अर्थात त्याहून चांगला उपाय म्हणजे तो दुसऱ्याने उचलणे, पण हा उपाय कोणत्याही चाचणीत तपासलेला नाही. बहुधा स्वयंसेवक मिळाले नसावेत.

एक उपाय मात्र नको, तोच सर्वांत लोकप्रिय आहे. सुई. बाजाराच्या दिवशी पिशवी घेऊन बसणारा ‘डॉक्टर’ एक सुई टोचतो आणि संध्याकाळपर्यंत कंबर गप्प होते. त्या सुईत बहुतेक वेळा डायक्लोफेनॅकच्या जातीचे वेदनाशामक असते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० मध्ये स्पष्ट बजावले की गरोदरपणाच्या २० आठवड्यांनंतर अशी औषधे टाळावीत; बाळाच्या मूत्रपिंडावर परिणाम होऊन गर्भजल कमी होऊ शकते. फारच दुखले तर काय घ्यायचे ते प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरला विचारायचे. दर महिन्याच्या ९ तारखेला तिथे गरोदर बायकांची मोफत तपासणी असतेच.

आणि प्रत्येक कंबरदुखी बिचारी साधी नसते. दुखणे थांबून थांबून ठरावीक अंतराने येत असेल, पाणी किंवा रक्त जात असेल, ताप येऊन लघवीला जळजळ होत असेल, पाय बधिर पडत असतील, तर व्यायाम बाजूला ठेवून दवाखाना गाठायचा. या दोन जिल्ह्यांत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते: सिकलसेल. या आजारात हाडांमध्ये, पाठीतही असह्य कळा येतात आणि गरोदरपणात त्या वाढू शकतात. सिकलसेलची बाई ‘कंबर दुखते’ म्हणाली तर मावशीच्या ओसरीवर थांबण्यात अर्थ नाही.

आता नाटक. दिवाळी सरली की झाडीपट्टीत, म्हणजे याच जंगलाच्या मुलखात, नाटकांचा हंगाम उभा राहतो आणि वडसा गाव त्याची राजधानी होते. गडचिरोली जिल्ह्यातले नट परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा कुठे पुण्या-मुंबईला या रंगभूमीचा पत्ता लागला. नाटक रात्री दहा-अकराला सुरू होऊन कोंबडा आरवेपर्यंत चालते. गावात नाटक म्हणजे जावई, लेकी, मामेभाऊ, मामेभावाचे मित्र, सगळे पाहुणे. दिवसभर वडे तळायचे, रात्री शामियान्यात मांडी घालून बसायचे. आठव्या महिन्यातली बाई ही रात्र चुकवेल असे मात्र मानू नका. कमरेला गुंडाळलेली चादर लावून, मैत्रिणीच्या पाठीला पाठ टेकवून ती खलनायकाला शिव्या घालत पहाटेपर्यंत बसते. मधूनमधून उठून शामियान्याच्या कडेने चकरा मारते. वैद्यकीयदृष्ट्या यात बोट ठेवायला जागा नाही: आधार घेतला, बैठक बदलली, चालणेही झाले. करमणुकीने दुखण्याचा विसर पडतो, हा फायदा वर.

दिवस भरत आले की रस्ता सुरू होतो. सिरोंच्याहून गडचिरोली दोनशेहून अधिक किलोमीटर. आष्टी-आलापल्ली रस्ता लोहखनिजाच्या ट्रकांनी कसा केला आहे, ते त्यावरून गेलेल्या कोणत्याही मणक्याला विचारावे. भामरागडला पावसाळ्यात पर्लकोटा नदी पुलावरून वाहू लागली की गावेच्या गावे तुटतात. जुलै २०२४ मध्ये त्या तालुक्यातल्या एका गरोदर बाईला भरलेला नाला जेसीबीच्या बकेटमध्ये बसून ओलांडावा लागला. ती चित्रफीत राज्यभर फिरली. तिच्या कमरेचे काय झाले, हे विचारायला कोणी थांबले नाही.

ही धावपळ टळावी म्हणून आदिवासी भागातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांना जोडून ‘माहेरघरे’ उभारली आहेत. तारखेच्या काही दिवस आधी यायचे, सोबत एक नातेवाईक आणायची, लहान लेकरू असेल तर तेही. राहणे-जेवणे मोफत. कल्पना उत्तम, पण पुष्कळ बायका यायला कचरतात. रोवणी कोण करणार, कोंबड्या कोण कोंडणार, थोरल्याला शाळेत कोण धाडणार? ज्या येतात त्यांची पहिल्या दिवशी मोठी पंचाईत होते. उचलायला काही नाही, वेचायला काही नाही. नर्सबाई त्यांना ओळीने बसवून मांजरीचा व्यायाम शिकवतात आणि सोबत आलेल्या म्हाताऱ्या “काय माय हे ढोरावानी” म्हणत मागच्या रांगेत तोच व्यायाम करून पाहतात.

तिसऱ्या दिवशी घरून नवऱ्याचा फोन आला तर नवल नाही. दोन दिवस बोरिंगचे पाणी भरून आणि एक दिवस परे उपटून त्याची कंबर धरलेली असते, आणि तो हळूच विचारतो, “ते मांजरीचं कसं करतेत वो?” अशा वेळी फोन स्पीकरवर टाकावा. खोलीतल्या सगळ्याजणी मिळून त्याला नीट शिकवतात, आणि सोबत आलेल्या सासूबाई पाठीमागून ओरडून सांगतात की आधी खाली चटई टाक म्हणा.